उगमाचा शोध आणि शोध घेणारी माणसं



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि विज्ञानकथेला कधी दुय्यम मानलं नाही. त्यांच्या या निष्ठेला साजेसा विषय म्हणून मी आज एक चित्रपट निवडला आहे. रिडली स्कॉट यांचा २०१२ सालचा ‘प्रोमिथिअस’. स्कॉट यांनीच १९७९ साली केलेल्या ‘एलियन’ची ही पूर्वकथा.

या चित्रपटाविषयी दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, इतका मोठा प्रश्न घेणारे विज्ञानपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. कुणी म्हणतं, त्यातल्या शास्त्रज्ञांचं वागणं पाहून चीड येते. मला दोन्ही मतं खरी वाटतात. ‘प्रोमिथिअस’ने हातात घेतलेला प्रश्न मोठा आहे, पण तो विचारायला जी माणसं पाठवली, ती त्या प्रश्नाच्या तोलामोलाची नाहीत. पूर्वकथेत ही उणीव इतर कुठल्याही कथेपेक्षा महागात पडते. ती का पडते, हेच आज मला मांडायचं आहे.

पूर्वकथा ऐकायला बसलेल्या माणसाला शेवट आधीच ठाऊक असतो. आपल्याला या अनुभवाची जुनी सवय आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात, युद्ध तोंडावर आलेलं असताना, भीष्म दुर्योधनाला अंबेची कथा सांगतात. शिखंडीवर मी शस्त्र का उचलणार नाही, याचं ते उत्तर आहे. भीष्म पडणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तरी कथा पकड घेते. भीष्म काशीच्या स्वयंवरातून तिघी बहिणींना हरण करून आणतात. आपलं मन शाल्वावर जडलं आहे असं अंबा सांगते, तेव्हा तिला मानाने परत पाठवतात. शाल्व तिला नाकारतो. भीष्म प्रतिज्ञेपासून ढळत नाहीत. तिच्या बाजूने परशुरामांनी केलेल्या युद्धानेही काही साधत नाही, अंबा तपाला बसते आणि पुढच्या जन्मी शिखंडी होते. यातला एकेक निर्णय त्या त्या माणसाच्या स्वभावातून आला आहे. म्हणून पुढे रणांगणावर शिखंडी समोर उभा राहतो, तेव्हा त्या क्षणाचं वजन कितीतरी वाढलेलं असतं.

यातून मी पूर्वकथेसाठी दोन कसोट्या घेतो. ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल पूर्वकथेला मिळत नाही. तिच्या वाट्याला येतो तो ‘हे का झालं’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माणसांनी घेतलेल्या निर्णयांत असतं. म्हणून पहिली कसोटी अशी की निर्णय खरे वाटतात का? दुसरी कसोटी मूळ कथेच्या संदर्भातली. पूर्वकथेमुळे मूळ कथेची खोली वाढली की कमी झाली?

आता मूळ ‘एलियन’कडे वळू. ‘नोस्ट्रोमो’ हे व्यापारी अंतराळजहाज, त्यावर सात माणसं, पगार आणि बोनसवरून कुरकुरणारी. एका निर्जन गोलावरून आलेला संदेश तपासायला ती उतरतात. तिथल्या परक्या यानात एका अवाढव्य आसनावर एक मृत जीव दिसतो. तो आसनाशी एकजीव झालेला आहे आणि त्याच्या बरगड्या आतून बाहेर वाकल्या आहेत. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांच्या कल्पनेतून तो आकाराला आला. तो आणखी प्रचंड भासावा म्हणून स्कॉट यांनी काही चित्रणात लहान मुलांना अंतराळवीरांचे पोशाख घालून त्याच्याजवळ उभं केलं. हा कोण, कुठला, किती काळ असा बसला आहे, यावर चित्रपट पुढे चकार शब्द काढत नाही. पण तो जीव पाहिल्यावर विश्व आपल्या समजुतीपेक्षा फार जुनं आहे, ही जाणीव पुसली जात नाही.

याच चित्रपटात जहाजाच्या दाराशी घडणारा एक प्रसंग आहे. सात जणांपैकी केनच्या चेहऱ्याला परका जीव चिकटला आहे आणि त्याला आत घ्या, असं कप्तान डॅलस बजावतो. जहाजात असलेली रिप्ली नियम दाखवते. चोवीस तास विलगीकरण, नाहीतर सगळ्यांचा जीव धोक्यात. विज्ञान अधिकारी ॲश तिला न जुमानता दार उघडतो. तो यंत्रमानव आहे आणि जहाजाच्या मालक कंपनीने त्याला वेगळाच हुकूम दिला आहे, हे नंतर कळतं. डॅलसला सोबत्याची काळजी आहे, रिप्लीला सगळ्यांची, ॲशला हुकमाची. तिघांचंही वागणं पटतं आणि पुढचा सगळा अनर्थ त्या एका दारातून आत येतो. स्कॉट यांना निर्णयातून नाट्य उभं करणं किती उत्तम साधतं, याचा हा पुरावा आहे. म्हणून त्यांच्याकडून आपल्या अपेक्षाही मोठ्या असतात.

‘प्रोमिथिअस’ची पहिली पटकथा जॉन स्पेट्स यांची होती आणि तिचं नाव होतं ‘एलियन: इंजिनिअर्स’. पुढे डेमन लिंडेलॉफ यांनी ती नव्याने लिहिली आणि जुन्या मालिकेशी असलेला थेट धागा सैल केला. कथेचं स्थळसुद्धा ‘एलियन’मधला एलव्ही-४२६ हा गोल राहिला नाही, एलव्ही-२२३ हा दुसराच गोल झाला. या चित्रपटाचं सामर्थ्य आणि त्याची ओढाताण, दोन्ही या फेरबदलात आहेत. त्याला पूर्वकथाही व्हायचं होतं आणि स्वतःच्या पायांवर उभं राहून नवा प्रश्नही विचारायचा होता.

कथा थोडक्यात अशी. २०८९ साली एलिझाबेथ शॉ आणि चार्ली हॉलोवे या पुरातत्त्वज्ञांना स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील गुहेत एक चित्र सापडतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक प्राचीन संस्कृतींत त्यांना हीच आकृती मिळाली आहे, एक उंच पुरुष आणि तो दाखवत असलेला ताऱ्यांचा समूह. हे आपल्या निर्मात्यांचं आमंत्रण आहे असं शॉ मानते आणि त्या निर्मात्यांना ‘इंजिनिअर’ म्हणते. पीटर वेलँड या वृद्ध उद्योगपतीच्या पैशावर सतरा माणसांचं यान निघतं आणि २०९३ साली तिथे पोहोचतं. तिथे सापडतात इंजिनिअरांचे मृतदेह, काळ्या द्रवाने भरलेले शेकडो कुंभ आणि शीतनिद्रेत असलेला एक जिवंत इंजिनिअर. आपल्याला घडवणाऱ्यांनीच आपल्याला नष्ट करायचं ठरवलं होतं, हे हळूहळू उलगडतं.

आधी सामर्थ्यस्थळांविषयी बोलतो. पहिलंच दृश्य आइसलँडमधल्या डेटिफॉस धबधब्यावरचं आहे. एक गोरापान, धिप्पाड इंजिनिअर कड्यावर एकटा उभा राहतो, काळा द्रव पितो, त्याचं शरीर विरघळतं आणि पाण्यात मिसळतं. पाण्यात तुटलेले गुणसूत्रांचे धागे पुन्हा जुळू लागतात. एकही शब्द न उच्चारता जीवसृष्टीची सुरुवात एका आत्मबलिदानाने झाली, असं हे दृश्य सांगतं. छायालेखक दारिउश वोल्स्की आणि नेपथ्यकार आर्थर मॅक्स यांनी हा भव्यपणा शेवटपर्यंत टिकवला आहे. पाइनवुड स्टुडिओत भलेमोठे सेट प्रत्यक्ष बांधले गेले, त्यामुळे नटांच्या पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं छत खरं वाटतं. दृश्य परिणामांसाठी चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं ते रास्तच होतं.

मात्र चित्रपटाचं खरं बळ डेव्हिडमध्ये आहे. मायकेल फासबेंडर यांनी साकारलेला हा यंत्रमानव प्रवासाची दोन वर्षं एकटा जागा असतो. बाकीचे शीतनिद्रेत असताना तो शॉची स्वप्नं पाहतो. डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ पाहून पीटर ओटूलसारखी केसांची ठेवण करतो. आद्य भारत-युरोपीय भाषेचे पाठ गिरवतो, ज्या भाषेच्या शाखांमध्ये आपली संस्कृतही येते. निर्मात्यांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची तयारी करणारा यानावर हा एकटाच आहे.

एका प्रसंगात डेव्हिड हॉलोवेला विचारतो, माणसांनी मला का बनवलं? बनवता आलं म्हणून, असं हॉलोवे सहज उत्तरतो. तुमच्या निर्मात्याकडून हेच उत्तर ऐकावं लागलं तर तुम्हाला काय वाटेल, असं डेव्हिड त्याला विचारतो. मग उत्तरं मिळवण्यासाठी तुम्ही कुठवर जाल, हेही विचारून घेतो. काहीही करीन, असं हॉलोवे म्हणतो आणि त्यानंतरच डेव्हिड त्याच्या पेल्यात काळ्या द्रवाचा थेंब सोडतो. हे कृत्य भयंकर आहे, पण त्यामागची साखळी स्पष्ट आहे. वेलँडचा हुकूम आहे, डेव्हिडचं कुतूहल आहे, रोजच्या अपमानाची नोंद आहे आणि समोरच्याची जणू संमतीही आहे. माझ्या पहिल्या कसोटीला हा प्रसंग पूर्ण उतरतो.

डेव्हिडमुळेच चित्रपटाची सगळी नाती एका सूत्रात येतात. इंजिनिअरांनी माणूस घडवला आणि त्याला संपवायला निघाले. माणसाने डेव्हिड घडवला आणि त्याला आत्मा नाही असं त्याच्यासमोर जाहीर केलं. वेलँड डेव्हिडला मुलासारखा म्हणतो, पण पोटची मुलगी व्हिकर्स त्याला नकोशी आहे. मूल होऊ न शकणाऱ्या शॉच्या पोटात एक परका जीव वाढू लागतो. जन्म देणारा आणि जन्मलेला यांच्यातला हा ताण ‘एलियन’मध्येही होता, पण तिथे तो शरीरापुरता होता. इथे त्याला नैतिक प्रश्नाचं रूप येतं, आणि पूर्वकथेने मूळ कथेला काही दिलं असेल तर ते हेच.

शॉची शस्त्रक्रियाही मी सामर्थ्यात मोजतो. शस्त्रक्रियेचं यंत्र फक्त पुरुषांसाठी जुळवलेलं आहे हे कळल्यावर ती क्षणभरही थांबत नाही, आज्ञा बदलते आणि पोटातली परकी वस्तू काढ असं यंत्राला सांगते. शॉच्या भूमिकेत नूमी रपास यांनी त्या प्रसंगात वेदना आणि बुद्धी एकाच वेळी जिवंत ठेवली आहे. तशीच व्हिकर्स. बाधा झालेल्या हॉलोवेला ती यानाच्या दाराशी अडवते आणि जाळते. ‘एलियन’मधल्या दाराच्या प्रसंगाला हे थेट उत्तर आहे. रिप्लीला जे करू दिलं गेलं नाही, ते व्हिकर्स करते आणि त्याची किंमत आपल्याला डोळ्यांसमोर दिसते.

आता दुबळ्या बाजूकडे येतो. मोहिमेतले शास्त्रज्ञ इंजिनिअरांच्या वास्तूत शिरतात, हवेतले वायू श्वासाला योग्य आहेत असं उपकरण सांगतं, आणि हॉलोवे शिरस्त्राण काढतो. शॉ विरोध करते, पण जंतूंचा विचार तिथेच संपतो आणि बाकीचेही त्याचं अनुकरण करतात. भूगर्भशास्त्रज्ञ फिफिल्ड वास्तूचा नकाशा काढणारी उपकरणं स्वतः सोडतो आणि त्याच वास्तूत रस्ता चुकतो. जीवशास्त्रज्ञ मिलबर्न दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या देहाला घाबरून पळतो आणि थोड्याच वेळात फणा काढलेल्या जिवंत परक्या प्राण्याकडे लाडाने हात पुढे करतो. हॉलोवेची निराशा मला सर्वात खटकते. मानवी इतिहासातला सर्वात मोठा शोध लागला आहे, आणि निर्माते मृत सापडले म्हणून हा पुरातत्त्वज्ञ पहिल्याच दिवशी दारू पीत बसतो. पुरातत्त्वज्ञाचं अख्खं आयुष्य मृतांशी संवाद साधण्यात जातं. ज्याला मृतांकडून काही जाणून घ्यायचं नाही, त्याने हे शास्त्र निवडलंच कशाला?

माणसं चुका करतात, शास्त्रज्ञही करतात. माझा आक्षेप चुकांवर नाही. या चुका त्यांच्या स्वभावातून येत नाहीत, कथेला पुढचा बळी हवा आहे म्हणून येतात. शॉचं पोट फाडून शिवलं गेलं आहे, ती रक्ताने माखून यानावरच असलेल्या वेलँडसमोर उभी राहते, आणि यानात कोणता जीव मोकळा सुटला आहे याची कुणी चौकशीही करत नाही. इथल्या वस्तू एक युद्धसाठा आहेत, हा चित्रपटातला सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष कप्तान जानेक काढतो. आपलं काम यान चालवण्याचं, असं मानणारा माणूस निरीक्षणावरून तर्क करतो आणि शेवटी त्या तर्कासाठी प्राण देतो. विचार करण्यासाठी आणलेली माणसं मात्र तो तर्क करत नाहीत.

विज्ञानाच्या मांडणीतही हीच घाई आहे. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं असावं ही कल्पना टाकाऊ नाही. १९७३ साली फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी ‘इकॅरस’ या नियतकालिकात याच्याही पुढची शक्यता मांडली. एखाद्या प्रगत संस्कृतीने ते बीज मुद्दाम पाठवलं असावं, असं त्यांनी सुचवलं. क्रिक म्हणजे डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक. चित्रपट मात्र इंजिनिअर आणि माणूस यांचा डीएनए जुळतो असं सांगून मोकळा होतो. पृथ्वीवरचं सगळं जीवन एकमेकांशी नात्याने बांधलेलं आहे. आपला डीएनए चिंपांझीशी सुमारे ९८-९९ टक्के जुळतो. बीज अब्जावधी वर्षांपूर्वी पेरलं असेल, तर उत्क्रांती नेमकी पेरणाऱ्याच्याच रूपापर्यंत कशी पोहोचली? आणि फक्त माणूस पेरला असेल, तर चिंपांझी आपला इतका जवळचा नातलग कसा? मिलबर्न डार्विनचं नाव घेऊन हा आक्षेप काढतो. त्यावर शॉ सांगते की, मी हे मानायचं ठरवलं आहे. तिची श्रद्धा खरी आहे आणि मोहिमेवर निघायला ती पुरेशी आहे. पण तिथे पोहोचल्यावरही चित्रपट त्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही.

परीक्षा म्हणजे काय, याचं उदाहरण याच विषयात आपल्या जवळ आहे. जीवबीज अवकाशातून आलं हा विचार म्हणजे पॅनस्पर्मिया. त्याचे पुरस्कर्ते फ्रेड हॉइल हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे गुरू. नारळीकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनमधून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने गोळा केले. निर्जंतुक केलेल्या नळ्या द्रवरूप निऑनने थंड ठेवल्या होत्या. पृथ्वीवरचा एखादा जंतू त्यात शिरू नये म्हणून पराकाष्ठेची काळजी घेतली होती. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या, तीन जिवाणूंच्या प्रजाती नव्या निघाल्या आणि त्यांतल्या एकीला हॉइल यांचं नाव दिलं गेलं. तरीही २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटलं की, हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. गुरूच्या मतावर प्रेम असूनही पुराव्याची मर्यादा मान्य करण्यात जे नाट्य आहे, ते ‘प्रोमिथिअस’मधल्या एकाही शास्त्रज्ञाच्या वाट्याला आलेलं नाही. ते आलं असतं, तर शॉची श्रद्धा कितीतरी अधिक हृदयस्पर्शी झाली असती.

काळ्या द्रवाचंही असंच झालं आहे. तो इंजिनिअरला विरघळवतो, जमिनीतल्या अळ्यांचे साप करतो, फिफिल्डला हिंस्र करतो आणि हॉलोवेमार्फत शॉच्या पोटी अष्टपादासारखा जीव घालतो. त्याचा नियम शेवटपर्यंत हाती लागत नाही. विज्ञानकथेने हवा तो अशक्य नियम मांडावा, पण एकदा मांडला की त्याला बांधील राहावं.

आता दुसरी कसोटी. ‘एलियन’मधला तो आसनस्थ जीव ‘प्रोमिथिअस’मध्ये एक पोशाख ठरतो आणि पोशाखाच्या आत माणसासारखाच एक उंच, केशहीन पुरुष असतो. ज्याच्याशी आपलं काहीही साम्य नव्हतं, तो आपला पूर्वज झाला. अंबेची कथा ऐकल्यावर भीष्मांचं पतन मोठं होतं. ही पूर्वकथा पाहिल्यावर ‘नोस्ट्रोमो’वरच्या माणसांनी पाहिलेलं ते विश्व लहान झाल्यासारखं वाटतं. या एका बाबतीत मी चित्रपटाला क्षमा करू शकत नाही.

पण एका आरोपातून मी त्याला मोकळं करतो. अनेकांची तक्रार आहे की ‘प्रोमिथिअस’ उत्तरं देत नाही, इंजिनिअर आपल्यावर का रागावले ते सांगत नाही. उत्तर न देण्याला आपल्या परंपरेत मोठी प्रतिष्ठा आहे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाचा प्रश्न विचारतं आणि सर्वांत वर बसलेल्या अध्यक्षालाही ते ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेऊन थांबतं. ते अपुरं वाटत नाही, कारण विचारणाऱ्याने विचाराची शर्थ केलेली असते. ‘प्रोमिथिअस’मध्ये उत्तर नाही याचं मला दुःख नाही. ते मिळवण्यासाठी त्या माणसांनी शर्थ केली नाही, याचं आहे.

पूर्वकथेत पटणारे निर्णय जमू शकतात, याचा दाखला २०११ सालचा ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ देतो. रूपर्ट वायट यांचा हा चित्रपट म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर जुन्या मालिकेची नवी सुरुवात, पण काम पूर्वकथेचंच करतो. वानरांचं राज्य येणार हे १९६८ च्या मूळ चित्रपटापासून सगळ्यांना ठाऊक आहे. इथे विल हा संशोधक स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना चाचणी पूर्ण न झालेलं औषध घरीच टोचतो, कारण ते वडील आहेत. सीझर हे चिंपांझीचं पिल्लू तो घरी वाढवतो, कारण नाहीतर ते मारलं जाणार आहे. कंपनीचा प्रमुख नफ्यासाठी अधिक तीव्र औषधाची घाई करतो. शेवटी विल घरी चल म्हणतो आणि सीझर जंगल निवडतो. माणसाच्या राज्याचा अंत प्रेमातून, घाईतून आणि स्वाभिमानातून येतो. सीझर साकारणाऱ्या अँडी सर्किस यांच्या डोळ्यांत आपल्याला तो प्रत्येक निर्णय दिसतो. दृश्यांची भव्यता आणि तत्त्वचिंतनाची झेप यांत हा चित्रपट ‘प्रोमिथिअस’च्या मागे आहे, तरीही पूर्वकथा म्हणून तो पुढे जातो.

‘प्रोमिथिअस’च्या शेवटी शॉ डेव्हिडचं तुटलेलं शिर घेऊन इंजिनिअरांच्या जगाकडे निघते. परत जाणं शक्य असताना ती पुढे जाते. मोहिमेतल्या सगळ्या माणसांमध्ये प्रश्नाच्या उंचीचा एवढा एकच निर्णय आहे आणि त्यात शॉ पहिल्यांदा पूर्णपणे स्वतःची होते. दुर्दैवाने २०१७ च्या ‘एलियन: कव्हनंट’मध्ये ती आधीच मेलेली आढळते, इंजिनिअरांचं नगर डेव्हिडने उद्ध्वस्त केलेलं असतं, आणि त्यांनी माणसाला का नाकारलं हा प्रश्न वाऱ्यावर सोडला जातो. डेव्हिड टिकला, कारण त्याला मुळातच कारणांसह लिहिलं होतं. शॉलाही तसं लिहिलं असतं, तर तिला इतक्या सहज कथेबाहेर काढणं कुणाला शक्य झालं नसतं.

सभागृहात विज्ञानकथा लिहू पाहणारे तरुण बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. स्कॉट यांच्यासारखा मोठा विषय घ्यायला बिचकू नका. आपण कुठून आलो, आपल्याला घडवणाऱ्यावर आपला हक्क किती, आपण घडवलेल्यांशी आपलं वागणं कसं, हे प्रश्न येत्या काळात कथेपुरते राहणार नाहीत. पण त्या प्रश्नांच्या शोधात जी माणसं पाठवाल, त्यांना त्यांचं शास्त्र येऊ द्या, शंका घेऊ द्या, पुरावा तपासू द्या. ती चुकणार असतील तर स्वतःच्या स्वभावामुळे चुकू द्या. ‘प्रोमिथिअस’ने प्रश्नाची हिंमत दाखवली, निर्णयांची शिस्त मात्र पाळली नाही. हिंमत आणि शिस्त दोन्ही असलेली विज्ञानकथा मराठीत लिहिली जावी आणि ती लिहिणारा किंवा लिहिणारी याच सभागृहातून पुढे यावी, अशी इच्छा व्यक्त करून मी थांबतो.